दोरीच्या टोकाशी एक नाव

दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या एखाद्या खेड्यात कुणी गेलं, की ती बातमी आधी कानांनाच कळायची. चर्चच्या मनोऱ्यातली सगळ्यांत जड घंटा सावकाश वाजू लागे आणि शेतात नांगर धरलेला माणूस घोडे थांबवून मोजायला लागे. तीन ठोके, जरा उसंत, पुन्हा तीन, पुन्हा उसंत, पुन्हा तीन: म्हणजे गेला तो पुरुष. तीनदा दोन-दोन ठोके पडले तर बाई. त्यानंतर वय, वर्षाला एक ठोका. घंटा अकरावर थांबली तर ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होई. ब्याऐंशीच्या दिशेने निघाली तर पाऊणशेच्या पुढे गेल्यावरच नाव उमगे, कारण त्या वयाची माणसं गावात असून असून असणार किती? हिशेबाची रीत गावागणिक थोडी बदलायची, पण मोजणं सगळीकडे असे.

पुरुषासाठी पडणाऱ्या या नऊ ठोक्यांवरून इंग्रजीत एक गमतीदार म्हण झाली, असं म्हणतात: नऊ शिंपी मिळून एक माणूस होतो. या समजुतीप्रमाणे यात शिंप्यांचा काही संबंध नाही. ठोक्यांना ‘टेलर’ म्हणत, म्हणजे सांगणारे; त्याचा उच्चार कपडे शिवणाऱ्या टेलरशी जुळला आणि बिचारे शिंपी नाहक बदनाम झाले. डोरोथी सेयर्स या लेखिकेने १९३४ साली याच नावाची रहस्यकादंबरी लिहिली. घंटांच्या जगाबद्दल कुतूहल असलेल्या कितीतरी वाचकांची पहिली ओळख तिथूनच होते.

ठोके मोजून गेलेला माणूस ओळखणं ही त्या दिवसाची गोष्ट. पुढे दरवर्षी त्याची आठवण कशी ठेवायची? सोळाव्या शतकापर्यंत इंग्लंडने याचं उत्तर आपल्याला ओळखीचं वाटेल असं दिलं होतं. पैसेवाला माणूस मृत्युपत्रात रक्कम ठेवी. त्यातून दर वर्षी त्याच्या मृत्यूच्या तारखेला मेणबत्त्या, प्रार्थना आणि घंटा. वर्षश्राद्धच म्हणा ना. नोव्हेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या सर्व संतांच्या सणाच्या रात्री तर गावोगाव मृतात्म्यांसाठी घंटा वाजत राहायच्या. मग धर्मसुधारणा आली. मेलेल्यांसाठी जिवंतांनी प्रार्थना करून काही साधत नाही, असं नव्या धर्मशास्त्राने ठरवलं आणि त्या रात्रीच्या घंटांवरही बंदी आली. प्रार्थना गेली, पण मनोरा तिथेच होता, घंटा तिथेच होत्या, दोर लोंबतच होते.

मग या घंटांचं करायचं काय? लोकांनी जे केलं त्यात मला इंग्रजी स्वभावाची सगळी गंमत दिसते. काहींनी जुन्या सवयीला उपयुक्ततेचा अंगरखा चढवला. बर्कशरमधल्या वोकिंगहॅमच्या रिचर्ड पामर याने १६६४ मध्ये काही जमीन दान दिली. अट अशी, की सप्टेंबरपासून मार्चपर्यंत रोज रात्री आठला आणि पहाटे चारला अर्धा-अर्धा तास गावातली सगळ्यांत मोठी घंटा वाजली पाहिजे. कारणं त्याने नीट सांगून ठेवली: लोकांना निजायची-उठायची वेळ कळावी, अंधारात वाट चुकलेल्या परक्या माणसाला दिशा मिळावी आणि ऐकणाऱ्याला आपल्या मरणाची आठवण व्हावी. पहाटे चारला शेजारच्या घरात झोपलेल्यांना ही तिसरी आठवण विशेष होत असणार.

नॉटिंगहॅमशरमधल्या न्यूअर्कची कथाही वाट चुकल्याचीच आहे. गोफर नावाचा एक व्यापारी गावाजवळच्या दलदलीत रात्री हरवला, घंटांच्या आवाजाच्या रोखाने चालत सुटला आणि वाचला. कृतज्ञता म्हणून त्याने घंटांसाठी पैसे ठेवले. या माणसाबद्दल दंतकथा जास्त आणि कागद कमी, पण नाताळाआधीच्या काही रविवारी संध्याकाळी न्यूअर्कच्या घंटा ‘गोफरसाठी’ वाजवण्याची परंपरा रुजली. गोफर कसा दिसे, कसला व्यापार करी, हे कुणाला ठाऊक नाही. उरलं आहे ते नाव, आणि ते ऐकू येतं.

यॉर्कशरच्या ड्यूसबरीमधली रीत याहून काळोखी. तिथल्या सर थॉमस दे सूटहिलने रागाच्या भरात एका नोकर पोराला ठार मारलं आणि प्रायश्चित्त म्हणून चर्चला घंटा दिली, अशी आख्यायिका आहे. त्या घंटेला लोक ‘ब्लॅक टॉम’ म्हणतात. नाताळच्या आदल्या रात्री तिच्यावर ख्रिस्तजन्मापासूनच्या प्रत्येक वर्षाचा एक असे ठोके पडतात आणि शेवटचा ठोका बरोबर मध्यरात्री पडेल असा बेत असतो. म्हणजे आता दोन हजारांच्या वर, आणि दर वर्षी एक वाढता. मोजणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून कागदावर खुणा करत बसावं लागतं. ब्रिटिश टपाल खात्याने १९८६ च्या नाताळात या प्रथेवर तिकीटही काढलं होतं. घंटेला नाव मिळालं ते खुन्याचं. त्या पोराचं नाव मात्र आख्यायिकेला आठवत नाही.

तर एकीकडे असे दानशूर आणि पापी. दुसरीकडे गावातली तरणी पोरं. त्यांना प्रार्थनेतही रस नव्हता आणि प्रायश्चित्तातही. त्यांना हवा होता व्यायाम, ईर्षा आणि नंतर बियर. सतराव्या शतकात त्यांच्या हातात घंटेचं एक नवं यंत्र पडलं.

हे यंत्र समजून घ्यायला आपली घंटा आधी डोळ्यांपुढे आणू. देवळातली घंटा स्थिर टांगलेली असते, हलतो तो आतला लोलक. गंमत अशी, की आपल्याकडच्या काही नामांकित देवळांतल्या घंटा मुळात चर्चमधल्याच आहेत. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा विजयचिन्हं म्हणून देवळांत गेल्या. भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीला आणि नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातही. नाशिकच्या घंटेवर १७२१ साल आहे. तिचा आवाज इतका दणदणीत, की मोठ्या तोंडाने बोलणाऱ्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणायची आपली रीत पडली.

इंग्लिश घंटा मात्र एका मोठ्या लाकडी चाकाला जखडलेली असते. चाकावरून दोर खाली येतो. दोर ओढून ओढून घंटा झुलवत झुलवत अखेर तोंड वर करून उभी करायची, म्हणजे सुलट्या ठेवलेल्या हंड्यासारखी. आता एक हलका ओढा दिला की ती पूर्ण वर्तुळ फिरते, एकदा वाजते आणि पलीकडच्या बाजूने पुन्हा तोंड वर करून उभी राहते. पुढचा ओढा, उलट फेरा. पाच-सहाशे किलोची घंटा एक सडपातळ बाई आरामात वाजवते ती ताकदीवर नव्हे, अंदाजावर. चुकलं तर मात्र दोर माणसालाच वर उचलतो, म्हणून पहिला धडा दोर सोडायचा असतो.

या रचनेतून एक अडचण निघाली आणि त्या अडचणीतून सगळी कला. फेरा घ्यायला घंटेला दोनेक सेकंद लागतात. त्या वेळात तिला फार घाई करता येत नाही आणि फार रेंगाळताही येत नाही. त्यामुळे गाण्याची चाल वाजवणं अशक्य. एवढंच करता येतं: आपल्या पुढच्या किंवा मागच्या घंटेशी जागेची अदलाबदल. सुरुवात उतरत्या स्वरांनी होते, सगळ्यांत बारीक आवाजाच्या घंटेपासून सगळ्यांत जडपर्यंत, एक-दोन-तीन-चार-पाच-सहा. मग दोन-एक-चार-तीन-सहा-पाच. मग दोन-चार-एक-सहा-तीन-पाच. एकच ओळ पुन्हा वाजवायची नाही, हा नियम. पाच घंटांचे १२० क्रम होतात, सहाचे ७२०, सातचे ५,०४०, आठचे ४०,३२०, आणि बारा घंटांचे ४७ कोटी ९० लाख १,६००. पुढ्यात कागद ठेवायचा नाही, सगळं डोक्यात. सात घंटांचे ५,०४० क्रम पुरे करायला साधारण तीन तास लागतात आणि तेवढ्या मोठ्या वादनाला ‘पील’ म्हणतात. आठ घंटांचे सगळे ४०,३२० क्रम १९६३ च्या जुलैमध्ये लफबरोच्या घंटांच्या कारखान्यात वाजवले गेले. आठच माणसं, कुणी बदली नाही, १७ तास ५८ मिनिटं. त्यांनी मध्ये काय खाल्लं असेल हा प्रश्न मला पडतो खरा.

अशा घंटा पाहायला पुणेकराला विलायतेला जायला नको. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनच्या पवित्र नाम देवालयाचा मनोरा देवळापासून सुटा उभा आहे. त्यात लफबरोच्या टेलर कारखान्यातल्या आठ घंटांचा इंग्लिश पद्धतीचा संच आहे. ब्रिटनबाहेर असे मनोरे मोजके. पुण्याला पंचहौद म्हटलं की १८९० मध्ये मिशनमध्ये प्यालेला तो चहा आठवतो, ज्याच्यापायी टिळक-रानड्यांना ग्रामण्याला, म्हणजे जातबहिष्काराच्या वादाला, सामोरं जावं लागलं. घंटांची आठवण कमी जणांना होते.

आता या सगळ्या कसरतीत आपण ज्याची आठवण शोधत होतो तो गेलेला माणूस, गावचा पूर्वज, कुठे बसतो? त्यासाठी हिरफर्डशरमधल्या यार्कहिल या छोट्याशा गावी जायला हवं. तिथल्या धर्मगुरूंच्या घरी फेबियन स्टेडमन जन्मला. १६४० च्या डिसेंबरात त्याचा बाप्तिस्मा झाला. पंधराव्या वर्षी तो लंडनला छापखान्यात उमेदवारी करायला गेला आणि तिथे मनोऱ्यांच्या नादी लागला. १६६८ मध्ये घंटावादनावरचं पहिलं पुस्तक निघालं, ते रिचर्ड डकवर्थ यांचं, प्रकाशक स्टेडमन. मग १६७७ मध्ये त्याचं स्वतःचं आलं. पुढे त्याने अबकारी खात्यात हिशेबनिसाची नोकरी केली. १७१३ मध्ये लंडनमध्ये वारला.

त्याची कल्पना साधी आहे आणि म्हणूनच अचाट. तीन घंटांचे क्रम किती? सहा. मग पुढच्या तीन घंटांना आपसात ते सहाच्या सहा क्रम संपवू द्या. संपले की त्यातली एक घंटा मागे जाईल, मागची एक पुढे येईल, आणि नव्या तिघी पुन्हा सहा क्रम घेतील. एकदा घाईच्या क्रमाने, एकदा निवांत. मागे उरलेल्या घंटा तोवर जोडी-जोडीने जागेवरच एकमेकींना हुलकावण्या देत राहतील. फुगडी घालून दमलेली मुलगी फेरातून बाहेर पडते आणि दुसरी आत शिरते, तसं. गणिती आर्थर व्हाइट यांनी १९९६ मध्ये एका लेखाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला, की स्टेडमन हा पहिला गटसिद्धांतकार म्हणायचा का? ज्या विचाराला गणितात पुढच्या शतकाच्या अखेरीला लाग्रांजच्या काळात आकार आला, तो विचार हा हिशेबनीस दोर ओढता ओढता वापरत होता. अर्थात त्याला सिद्धांत मांडायचा नव्हता, तीन तास न चुकता वाजवायचं होतं.

या पद्धतीला आजही ‘स्टेडमन’ म्हणतात. सात घंटा फिरवल्या तर ‘स्टेडमन ट्रिपल्स’, नऊ फिरवल्या तर ‘केटर्स’, अकरा फिरवल्या तर ‘सिंक्स’. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या मनोऱ्यात पाच-पन्नास माणसं त्याचं नाव घेऊन दोर धरतात. एखाद्या माणसाच्या नावाने रस्ता किंवा शाळा असते, पण त्याच्या नावाने वागता येत नाही. इथे येतं. आणि गंमत पाहा, यार्कहिलला हा आपलाच आहे हे कित्येक पिढ्या ठाऊकही नसावं, कारण बराच काळ अभ्यासक त्याला केंब्रिजचा समजत. जुनी दफ्तरं चाळणाऱ्यांनी विसाव्या शतकात त्याचा बाप्तिस्मा आणि बाप शोधून काढले, तेव्हा कुठे गावाला पूर्वज सापडला.

स्टेडमन प्रसिद्ध होता. बाकीच्यांचं काय? त्यांच्यासाठी मनोऱ्याच्या भिंतीवर फळ्या आहेत. नॉरिचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये २ मे १७१५ रोजी ५,०४० क्रमांचा पहिला निर्दोष पील वाजला, त्याची फळी आजही तिथे लटकते. पुढे प्रत्येक मनोऱ्याने ती चाल उचलली. तारीख, पद्धत, किती क्रम, किती वेळ, कोणत्या घंटेवर कोण. वाजवणारे असायचे मोची, लोहार, शेतमजूर. ज्याच्या थडग्यावर दगड बसवायची ऐपत कुटुंबाला नव्हती, त्याचंही नाव वर दोरांच्या खोलीत सोनेरी अक्षरांत झळकतं. या खोलीत चर्चला येणारी मंडळी सहसा चढत नाहीत. फळी वाचतो तो तिथे दोर धरणाराच. ऑस्ट्रेलियात किंवा कॅनडात गेलेल्या घराण्यांतले वंशज पूर्वजांचा माग काढत येतात आणि जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांत न दिसणारी गोष्ट त्यांना इथे कळते: पणजोबा पाचव्या घंटेवर होते.

मग पुढची पायरी सहज सुचते. पणजोबांनी ज्या मनोऱ्यात, ज्या तारखेला, जी पद्धत वाजवली तीच शंभर वर्षांनी पुन्हा वाजवायची. घरात कुणी शिकलेलं असेल तर त्याला पणजोबांचीच घंटा द्यायची. पूर्ण पील झेपणार नसेल तर पाऊण तासाचा ‘क्वार्टर पील’ असतो, १,२५० किंवा त्याहून थोडे जास्त क्रमांचा. क्रमांची संख्याही रचनाकाराला जमवता येते: १९१८ साली गेलेल्या माणसासाठी नेमके १,९१८ क्रम. वादनाचा तपशील ‘रिंगिंग वर्ल्ड’ या १९११ पासून निघणाऱ्या साप्ताहिकात छापला जातो आणि खाली एका ओळीची टीप असते, कुणाच्या स्मरणार्थ. या टिपा मी आवडीने वाचतो. बाकी सगळे आकडे, आणि मग अचानक कुणाची तरी आजी.

शोकासाठी वाजवायचं तर लोलकाला चामड्याची टोपी बांधतात. दोन्ही बाजूंना नाही, एकाच. घंटा एकदा एकीकडून वाजते, एकदा दुसरीकडून. त्यामुळे पहिली ओळ लख्ख ऐकू येते आणि दुसरी तीच जणू गावाबाहेरून, डोंगरापलीकडून. पुन्हा लख्ख, पुन्हा अस्पष्ट. तीन-साडेतीनशे वर्षांच्या हिशेबी कसरतीत मला जे भजनात किंवा विलापात सापडलं नसतं ते इथे सापडतं: हाक आणि तिचा पडसाद, एकाच हाताने. दोन्ही बाजूंनी टोपी बांधणं फार दुर्मीळ, राजा-राणी, बिशप किंवा त्या गावचा धर्मगुरू यांच्यासाठीच राखलेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ गेल्यावर देशभर अशा झाकलेल्या घंटा वाजल्या, जड घंटेचा एक सूर तेवढा उघडा ठेवून.

या कलेवर युद्धाने केलेला घाव खोल आहे. पहिल्या महायुद्धात सुमारे १,४०० घंटावादक मारले गेले. त्यांची नावं लिहिलेले स्मृतिग्रंथ लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आहेत. कित्येक खेड्यांत सहापैकी तीन दोर लोंबकळत राहिले. घंटा ओतणाऱ्या टेलर घराण्यातलेच तीन भाऊ फ्रान्समध्ये पडले. १९२३ मध्ये लफबरोने गावातल्या मृतांसाठी ४७ घंटांचा स्मारक-मनोरा उभारला, तेव्हा त्यांचे काका एडमंड डेनिसन टेलर यांनी त्यातली सगळ्यांत मोठी घंटा या तीन पुतण्यांच्या नावे दिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आठवणी काशात ओतणाऱ्या माणसाने ती भट्टी पेटवताना काय विचार केला असेल, कोण जाणे. दुसऱ्या महायुद्धात तर १९४० च्या जूनपासून चर्चच्या घंटा बंदच झाल्या. वाजल्या तर शत्रू उतरला असं समजायचं होतं. एल अलामेनच्या विजयानंतर १९४२ च्या नोव्हेंबरात त्या एकदा वाजल्या आणि १९४३ मध्ये बंदी उठली.

युद्ध संपल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०१८ मध्ये, मृत १,४०० जणांच्या जागी १,४०० नवे शिकाऊ तयार करायची मोहीम निघाली. दगडी स्मारकं होतीच, आणखी एक कशाला? गेलेल्याचा दोर कुणीतरी धरावा, एवढंच मागणं होतं. लक्ष्यापेक्षा कितीतरी जास्त लोक आले. कुणी गृहिणी, कुणी शाळकरी, कुणी आयुष्यात चर्चची पायरी न चढलेले. ११ नोव्हेंबरला त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर वाजवलं. वेडंवाकडं वाजलं असणार. चालायचंच.

अशा स्मरणवादनाचा शेवट ठरलेला असतो. सगळे क्रम फिरून फिरून घंटा पुन्हा एक-दोन-तीन-चार-पाच-सहा अशा मूळ ओळीवर येतात. म्होरक्या म्हणतो, ‘दॅट्स ऑल’. थोडा वेळ तीच उतरती ओळ घुमते, मग ‘स्टँड’, आणि एकेक घंटा तोंड वर करून थांबते. मग त्या झुलवत झुलवत खाली उतरवून दोर गुंडाळले जातात. कुणीतरी वहीत नावं लिहितं. बाकीचे पबकडे निघतात आणि ज्याची पाळी असेल तो शिडीने वर चढतो, घंटा खाली उतरवलेल्या आहेत ना हे पाहून प्रत्येक लोलकाची चामड्याची टोपी सोडवतो आणि पिशवीत भरतो. शनिवारी लग्न असतं.